तिसऱ्या हाकेला

१

माझं काम सोपं होतं. सकाळी साडेनऊला कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढायचं, चपला बाहेर ठेवायच्या, भिंतीवरच्या थर्मामीटरचा आकडा बघून वहीत लिहायचा. वीसच्या वर गेला तर एसी वाढवायचा. खोलीत एक मोठं मशीन होतं, कमरेइतकं उंच. ते रात्रंदिवस चालू असे. गावोगावच्या वारसांच्या याद्या त्याच्या पोटात होत्या. कुणाची जमीन नव्या शहरासाठी गेली, कोण वारस, कोण हयात, कोण मयत, सगळं त्यात.

मी चौथी शिकलो. यादी वाचता येते, पण सावकाश.

सोमवारी आणि गुरुवारी सुनावणी असे. त्या दिवशी मी कॉम्प्युटरची खोली बंद करून साहेबांच्या दाराशी उभा राहायचो आणि छापलेल्या यादीतून नावं पुकारायचो. नाव, बापाचं नाव, गाव. तीन वेळा. तिसऱ्या हाकेनंतर एक श्वास थांबायचं आणि आत सांगायचं, हजर किंवा गैरहजर. आत कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर स्मिता मॅडम बसत. त्यांना बाहेरचं दिसत नसे. मी सांगेन ते त्या टाइप करत.

माझा आवाज मुळात हळू. साहेब म्हणायचे, "शिवराम, तू हाक मारतोस की पाळणा म्हणतोस?"

त्या यादीत माझ्या थोरल्या भावाचं नाव होतं. हिरामण, बोनकोडे. तो चौऱ्याऐंशी साली रेतीच्या होडीवर मोरा बंदराला गेला. उद्या येतो म्हणाला. होडी सापडली, तो सापडला नाही. यादीत मात्र हयात होता. म्हणून दर सुनावणीला मी भावाला तीन वेळा हाक मारायचो आणि वळून सांगायचो, गैरहजर. पहिल्यांदा जीभ जड झाली होती. पुढे सवय झाली. चार वर्षं मी ते केलं.

तो हजर नाही आणि मयतही नाही, म्हणून जमिनीच्या बदल्यात मिळायचा त्याच्या वाट्याचा प्लॉट अडला होता. त्याची बायको, राजाबाई वहिनी, जुन्या घरात एकटी राहायची. घर नव्या रस्त्याच्या आखणीत आलं होतं. दिवाळीनंतर पाडणार होते. त्याआधी प्लॉटची ऑर्डर हातात आली नाही तर तिला डोक्यावर छप्पर नव्हतं. माझी खोली दहा बाय दहाची, त्यात आम्ही सहा जण. मी तिला माझ्याकडे ये म्हणालो होतो. ती हसली होती.

२

शहाण्णवच्या श्रावणात मशीन फार हळू चालायला लागलं. एक नाव शोधायला सांगितलं की स्मिता मॅडम चहा पिऊन यायच्या, तरी पडद्यावर काही नसायचं. तेव्हा केयूर आला. मशीन दिलेल्या कंपनीचा माणूस, तिशीतला, पोटात जळजळ म्हणून सारखा थंड दूध मागणारा. दोन दिवस तो जमिनीवर मांडी घालून मशीनची फळी उघडून बसला होता. आत नव्या पट्ट्या बसवल्या, वायरी बदलल्या. मग मशीन बंद करून चालू केलं आणि सुरुवातीला येणाऱ्या निळ्या पडद्यावर एकेक ओळ बदलत गेला.

मी दूध घेऊन उभा होतो. तो म्हणाला, "काका, सांगतो तुम्हाला. आधी हे मशीन कसं करायचं? नोंद आली की डिस्कवर लिहायचं, मग सांगायचं, झालं. आता नोंद आली की आधीच सांगेल, झालं. मनात ठेवेल आणि सवडीने लिहील. म्हणून फास्ट."

"आणि मनात असताना लाइट गेली तर?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "काका, तुम्ही इथे शिपाई कसे काय? त्यासाठी कार्डावर छोटी बॅटरी असते. आपली यायची आहे. आठ दिवसांत येईल. तोवर यूपीएस आहे ना, टेन्शन नका घेऊ."

मशीन खरंच पळायला लागलं. फक्त त्याचा आवाज बदलला. आधी डिस्क खरवडल्यासारखी वाजायची. आता बराच वेळ काही नसायचं आणि मग एकदम सळसळ व्हायची. सुकलेल्या पेंढ्यात कुणी कूस बदलावी तशी. मी केयूरला सांगितलं. तो म्हणाला, मनातलं एकदम लिहितंय, म्हणून.

मला ते पटलं.

३

तो जाऊन बारा वर्षं भरली तेव्हा वहिनीनेच सांगितलं, करून टाका. तो मयत धरावा असा कोर्टाचा कागद वर्षापूर्वीच मिळाला होता. तिनेच तो पेटीत ठेवला होता. आधी त्याचा क्रियाधर्म, मग कागद, असं तिचं म्हणणं.

अमावस्येला, बुधवारी सकाळी, आम्ही खाडीवर गेलो. देह नसला की दर्भाचा माणूस करतात. भटजींनी हात, पाय, धड बांधलं, डोक्याला नारळ ठेवला. वहिनीने घरून त्याचा सदरा आणला होता, निळ्या चौकड्यांचा. तिने स्वतः तो त्या दर्भाला घातला, बाह्यांची बटणं लावली. मग भटजींनी त्याला हिरामण म्हणून नाव दिलं आणि मी अग्नी दिला. दर्भ ओला होता. लवकर पेटला नाही, धुरकटत राहिला. आम्हाला सगळ्यांना कामावर जायचं होतं. पुरता जळला की नाही हे बघायला कुणी थांबलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी कोर्टाचा कागद स्मिता मॅडमना दिला. त्यांनी माझ्यासमोर हिरामणच्या नावापुढे मयत असं टाइप केलं. मशीनने सांगितलं, झालं. मॅडम म्हणाल्या, "काका, जरा बसा." मी बसलो नाही. चहाचे कप उचलले.

तीन वाजता लाइट गेली. यूपीएस चार वेळा ओरडला आणि तोही गेला. अर्ध्या तासाने सगळं परत चालू झालं. कुणाच्या मनात काही आलं नाही. माझ्याही नाही.

४

सोमवारची यादी बेचाळीस नावांची होती. मी पुकारत गेलो. एवढी नावं एका सुरात म्हटली की डोळे पुढे जातात, तोंड मागे राहतं आणि डोकं भलतीकडे असतं. मी वहिनीच्या उघड्या गळ्याचा विचार करत होतो.

"हिरामण पदू, बोनकोडे."

पहिली हाक गेली तेव्हा मला कळलंच नाही. दुसऱ्या हाकेला कळलं. आमच्यात, ज्याचं केलं त्याला नावाने हाक मारत नाहीत. तेराव्यापर्यंत तर घरात नावच निघत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी तिसरी हाक गेली. चार वर्षांची जीभ ती, थांबवता आली नाही.

मी हातातल्या यादीकडे बघत राहिलो. हयात असंच छापलं होतं. आत काय सांगावं सुचेना. तेवढ्यात जिन्यातून सळसळ ऐकू आली. झाडूवाली असेल, असं वाटलं. मग आठवलं, झाडूवाली आठला येऊन जाते.

जिन्यात जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. परत येऊन पुढचं नाव पुकारलं.

दुपारी मी मॅडमना म्हणालो, "मॅडम, माझ्या भावाची नोंद बसली नाही. यादीत अजून हयातच आहे."

त्या वैतागल्या. "मला वाटलंच. शुक्रवारी लाइट गेली ना, दुपारच्या सगळ्या नोंदी गेल्या. सात-आठ जणांच्या परत टाकल्या मी." मग पडदा बघून म्हणाल्या, "पण काका, तुम्ही हजर का सांगितलंत?"

"मी?"

"हे बघा. हिरामण पदू, हजर, अकरा वाजून दहा मिनिटं."

"मॅडम, मी काहीच सांगितलं नाही. मी जिन्यात गेलो होतो."

"अहो, मी ऐकलं. तुमची तिसरी हाक झाली आणि तुम्ही म्हणालात, हजर. हळूच, नेहमीसारखं. घसा बसल्यासारखा वाटला, म्हणून मी म्हटलं, काकांना ताप आहे की काय."

मॅडमचा नवरा पुण्याला, लहान मुलगी शेजाऱ्यांकडे, बाईंना आधीच झोप पुरत नव्हती. त्यांना कशाला सांगायचं, की आमच्या घरात आम्हा दोघा भावांचेच आवाज सारखे होते.

मॅडमनी हजर खोडलं आणि मयत टाइप केलं. मंगळवारी सकाळी मी खोली उघडली, थर्मामीटर बघितला, वीस. साडेअकराला मॅडमनी पडदा उघडला. हयात. हजर, अकरा दहा. त्यांनी पुन्हा बदललं. बुधवारी पुन्हा तेच.

५

गुरुवारी सकाळी केयूर बॅटरी घेऊन आला. साहेबांनी त्या दिवशीची सुनावणी पुढच्या सोमवारवर ढकलली होती, कारण यादीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. त्यांनी केयूरला खडसावलं. एक माणूस कागदावर मेलेला आणि मशीनवर हजर, हे वर गेलं तर त्यांची नोकरी जाईल, असं ते म्हणाले. केयूरने दार लावून घेतलं आणि नोंदीचा माग काढत बसला. तासाभराने त्याने मला आत बोलावलं.

"काका, बसा. रागावू नका. एक विचारतो. ही नोंद लाइटमुळे बदलत नाहीये. कुणीतरी हाताने बदलतंय."

"कोण?"

"मॅडमच्या टेबलावरून नाही. इथून. याच कीबोर्डवरून." त्याने मशीनजवळच्या कीबोर्डावर बोट ठेवलं. "आणि या खोलीची किल्ली तुमच्याकडे. नावही तुमच्या भावाचं."

मला राग आला नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. मी म्हणालो, "मला अक्षरं शोधायलाच वेळ लागतो, साहेब."

"कधी बदलतं ते पण दिसतंय. रोज, सकाळी अकरा दहा. आज पण..."

तो थांबला. घड्याळात साडेअकरा झाले होते. आज अकरा दहाला तो स्वतः त्या कीबोर्डसमोर बसला होता आणि मी मधेच त्याला दूध द्यायला आत आलो होतो.

त्याने कीबोर्ड जवळ ओढला. मग म्हणाला, "बटणं अडकत असतील. कचरा साचतो ना. अडकलेलं बटण काहीही करतं." त्याने कीबोर्ड उलटा केला आणि टेबलावर आपटला. धूळ पडली, बिस्किटाचा चुरा पडला. आणि गवताच्या काड्या पडल्या, बोटाएवढ्या. एका टोकाला पिवळ्या, दुसऱ्या टोकाला काळ्या.

केयूरने एक काडी उचलून वास घेतला. "काका, इथे कुणी अगरबत्ती लावतं का?"

मी म्हणालो, "पुसून घेतो."

दुपारपर्यंत त्याने सगळ्या सेटिंग्ज बदलल्या. मशीन पुन्हा सावकाश केलं. आता मनात काही ठेवणार नाही, आलं की लगेच डिस्कवर. फ्लॉपीची खाच काढून तिथे पत्रा लावला. तो कीबोर्ड वायरीसकट पिशवीत घातला. निळ्या पडद्याला पासवर्ड घातला आणि तो कागदावर लिहून, पाकीट सील करून साहेबांना दिला. सुनावणीत जे टाइप होईल त्याला त्याच क्षणी कुलूप.

"आता स्पीड विसरा," तो म्हणाला. "पण लिहिलं ते लिहिलं. चुकलं तरी पुसता येणार नाही. मला पण नाही."

निघताना त्याने दूध मागितलं नाही. सोमवारी दुसरा माणूस पाठवतो म्हणाला.

६

रविवारी मी वहिनीकडे गेलो. जुन्या घराच्या भिंतीवर लाल रंगात नंबर टाकला होता. ती मागच्या दाराने आत-बाहेर करत होती. पुढचं दार लावलेलं.

तिने चहा ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भावजी, तुमी त्याला हाक मारली?"

मला खोटं बोलवेना. "यादीत नाव व्हता, वयनी. चुकून गेली."

"किती?"

"तीन."

तिने चहा गाळला. कप माझ्यापुढे ठेवला. ती फक्त दमलेली दिसत होती, लांबून पाणी आणलेल्या बाईसारखी.

"सोमवारपासून ओटीवर कोन तरी येऊन बसतंय. दिवसाउजेडी. मी फटीतून बगितला."

"हिरामण?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तो नाय तो, भावजी. पन सदरा त्याचाच हाय."

मी पुढच्या दाराकडे बघितलं. फटीतून ऊन येत होतं. खाली, उंबऱ्यापाशी, त्या उन्हाचा एक तुकडा कमी होता.

"उद्या सुनावनी हाय," मी म्हणालो. "तुना यावा लागंल. उद्या तो गैरहजर लागला का कोर्टाचा कागद चालतो. प्लॉट तुज्या नावावर. साहेब बोललेत."

"आनि हजर लागला तं?"

"तं कायमचा हजर. मग काय बी करता येनार नाय."

"म्हंजी तुमी परत हाक मारनार."

"मारायलाच पायजे. हाक नाय मारली तं गैरहजर लिवता येत नाय."

तिने माझा कप उचलून विसळला. "माजं घर जाऊ दे भावजी, तुमी नका मारू हाक," असं ती म्हणेल, अशी मला आशा होती. ती तसं म्हणाली नाही. तीही साठीला आली होती. तिने कुठे जायचं?

निघताना तिने विचारलं, "त्याला लागलं आसल का हो? तो आगीचा जाल?"

मी म्हणालो, नाही.

७

सोमवारी एकच सुनावणी ठेवली होती. वहिनी साडेदहालाच आली आणि दारासमोरच्या बाकावर मधोमध बसली. हातात पिशवी, पायाकडे नजर. आत साहेब, पडद्यासमोर स्मिता मॅडम. अकरा वाजून गेले. साहेब फोनवर बोलत होते. मी मनात म्हणालो, लवकर बोलवा, नाहीतर फार उशिरा बोलवा. अकरा दहाला साहेबांनी फोन ठेवला आणि हात केला.

"हिरामण पदू, बोनकोडे."

कॉरिडॉर रिकामा होता. नळाचं पाणी टपकत होतं. मी स्वतःला सांगितलं, बटण अडकलं होतं. मॅडमना झोप नाही. मी म्हातारा झालो. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"हिरामण पदू, बोनकोडे."

जिन्यात सळसळ झाली. एका पायरीवर. मग थांबली. मग पुढच्या पायरीवर. चढायला त्याला त्रास होत होता. वहिनीने मान वर केली नाही.

तिसरी हाक मारताना माझा आवाज फुटला. बारा वर्षांपूर्वी खाडीवर उभा राहून मी त्याला हाका मारल्या होत्या, तसा. ऑफिसात असा आवाज मी कधी लावला नव्हता. "हिरामण..." बापाचं नाव आणि गाव तोंडातच राहिलं.

जिन्याच्या वळणावर एक बाही दिसली. निळ्या चौकड्यांची. कोपरापाशी जळून भोक पडलं होतं. मनगटाचं बटण लावलेलं होतं. बटणाच्या पुढे हात नव्हता. काळी टोकं होती, पुष्कळ, बारीक, एकत्र धरल्यासारखी. त्यांतली दोन-तीन गळून पायरीवर पडली. बाहीने कठड्याचा आधार घेतला आणि वरचं सगळं वळणातून पुढे येऊ लागलं. मी नजर खाली घेतली. पण एवढं मला कळलं, की तो दमला होता, आणि त्याला बोलायचं होतं. माझी तिसरी हाक झाली होती. आता एक श्वास थांबायचं असतं. त्या श्वासात तो बोलणार होता.

"शिवराम!" साहेब आतून म्हणाले. "हजर की गैरहजर? सांग ना बाबा."

मी श्वास घेतला नाही.

"गैरहजर, साहेब."

आत टकटक झाली. मग मॅडमचा आवाज आला, "झालं. लॉक झालं." साहेबांनी शिक्का उचलला. "चला, सुटलो. आजींना बोलव सहीला. अंगठा असेल तरी चालेल."

सळसळ थांबली होती. कुणी परत उतरलं नव्हतं. धुराचा वास होता, ओल्या धुराचा. मी वहिनीकडे वळलो. तिला आत बोलवायचं होतं.

तिने ऐकलं होतं. ती उठली नाही. तिने पिशवी मांडीवर घेतली, पदर आवरला आणि वर न बघता, बसल्या बसल्याच बाकाच्या टोकाला सरकली. बाजूला एका माणसाची जागा केली.

बाक जुना होता. त्याचा एक पाय ढिला होता, पोराचा भार पडला तरी तो वाजायचा.

तो अगदी हळू वाजला.